मुसीकाठचे मानकरी

संगीतशिक्षकाचा पेशा पत्करलेल्या माणसाला गावातल्या जितक्या सत्कारांचा साक्षी व्हावे लागते, तितके एखाद्या मंत्र्यालाही व्हावे लागत नसेल. मंत्री उशिरा येतात आणि लवकर जातात. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींना घेऊन आलेला मास्तर मात्र तासभर आधी हजर असतो, आणि पेटी-तबला नेणारी रिक्षा मिळेपर्यंत सभागृहाच्या पायरीवर थांबतो. सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार, बडी चावडी या आपल्या जुन्या वस्तीत गेली वीस वर्षे हे काम मी करीत आलो आहे. शाल कोणत्या दुकानातली, श्रीफळ किती दिवसांचे आणि मानपत्रातली विशेषणे गेल्या वर्षीच्या कोणत्या मानपत्रातून उचललेली, हे आता मला दुरूनही ओळखता येते.

यात कोणाची थट्टा करण्याचा हेतू नाही. माणसाला मान द्यावासा वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या सेवाभावी मंडळांनी, क्लबांनी एक नवा पायंडा पाडला आहे. कवी, गवई, निवृत्त अधिकारी यांच्या जोडीला आता ‘शौर्य आणि मानवसेवा’ यांसाठीही पुरस्कार दिले जातात. कोणी आगीतून मूल बाहेर काढलेले असते, तर कोणी साथीच्या दिवसांत बेवारस प्रेतांना अग्नी दिलेला असतो. आमच्या भागातल्या अशाच एका मंडळाने (मंडळी भिडस्त आहेत, म्हणून नाव देत नाही) मला निवड समितीत बसविले. गवयाला राजकारण नसते अशी त्यांची समजूत असावी. ज्यांना गवयांचे राजकारण ठाऊक आहे ते यावर हसतील. असो. समितीत बसल्यावर जो प्रश्न पुढे आला, त्याने माझी झोप काही दिवस उडविली, आणि त्याचाच विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. मान द्यावयाचा तो कोणाला आणि कशाबद्दल?

हैदराबादेत हा प्रश्न विचारावयाचा म्हटले की मुसीपासूनच आरंभ करावा लागतो. 28 सप्टेंबर 1908 हा दिवस आपल्या जुन्या घराण्यांत आजी-पणजीच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला आहे. ‘तुघ्यानी’ हा शब्द मराठीच्या कोशात नसेल, पण आपल्या घरांत आहे. एका रात्रीत नदी पात्र सोडून शहरात शिरली. अफझलगंज, कोळसावाडी आणि नदीकाठचे मोहल्ले पाण्याखाली गेले. नवे म्हणून ज्यांचा दिमाख होता ते पूल पाण्याने तोडले आणि कुतुबशाहीतला 1578 सालचा पुराणा पूल तेवढा उभा राहिला. माणसे किती गेली याची मोजदाद कोण करणार? 15,000 च्या आसपास असा अंदाज सामान्यतः सांगतात. उर्दूतले थोर रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी अशी तिघेही त्या पाण्यात गेली. घरातले ते एकटे उरले.

त्या पुरातला एक मानकरी आजही सर्वांना ठाऊक आहे, आणि तो माणूस नव्हे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जे चिंचेचे जुने झाड आहे, त्याच्या फांद्यांना धरून सुमारे 150 माणसे वाचली असे सांगतात. दरसाल सप्टेंबरात काही नागरिक त्या झाडाखाली जमतात आणि पुराची आठवण करतात. झाडाचा हा मान रास्तच आहे. पण एकदा तिथे उभा असताना माझ्या मनात आले, की 150 माणसे काही आपापली फांदीवर चढली नसतील. त्यांत म्हातारी माणसे असणार, कडेवरची मुले असणार, नऊवारीचा भिजलेला बोंगा सावरणाऱ्या बाया असणार. ज्याने आधी फांदी धरली, त्याने खाली वाकून दुसऱ्याला हात दिला असणार. हात देणारे ते किती होते, त्यांची नावे काय, त्यांतले कोणी हात देता देता स्वतःच घसरले का? झाडाखाली उभे राहून याचा काहीच पत्ता लागत नाही. झाड राहिले म्हणून झाडाचे नाव राहिले.

सरकारी मान मात्र दिले गेले. निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले महाल निराश्रितांना खुले केले आणि अन्नछत्रे चालविली. रयतेने त्याबद्दल त्यांना जन्मभर दुवा दिला. मदतकार्यात ज्या स्त्रिया पुढे झाल्या त्यांत अमीना हैदरी यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातली ही मुलगी अकबर हैदरींची पत्नी होती. पडद्याच्या त्या काळात निराश्रित बायकांपर्यंत पोहोचणे पुरुषांना शक्य नव्हते, ते या बाईंनी केले. ब्रिटिश सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ हे पदक दिले. तो मान मिळालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे मुलींच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या क्लबासाठी त्यांनी जे केले ते पाहिले, म्हणजे पदक अस्थानी गेले असे कोणी म्हणणार नाही.

हे पदक 1900 साली व्हिक्टोरिया राणीने सुरू केले. ते हिंदुस्थानातल्या लोकसेवेसाठी होते, आणि त्यात सोन्याची व चांदीची अशा पायऱ्या होत्या. आपल्या शहराच्या लेकीलाही, सरोजिनी नायडूंनाही ते मिळाले होते. पूर आला तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या आणि मदतकार्यात होत्या. पुढे 1919 साली जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या आणि त्यांनी ते पदक सरकारला परत केले. ते परत केल्याचे सर्वांनाच पाठ आहे. मला त्याहून विचार करण्याजोगी वाटते ती त्यामागची गोष्ट. पदकाला दोन टोके असतात आणि दुसरे टोक देणाऱ्याच्या हातात राहते. देणारा बदलला किंवा त्याचे खरे रूप दिसले, की गळ्यातला मान गळ्याला काचू लागतो.

गांधीजींच्या पदकांची हकीकत यापुढची आहे. 1899 साली बोअर युद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभारले. जखमी शिपायांना डोलीतून वाहून नेण्याचे ते काम. पथकात सुमारे 1,100 माणसे होती. त्यांतली 300 च्या आसपास स्वतंत्र हिंदी आणि बाकीची गिरमिटिया मजूर. डोल्या खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालली ती ही मजुरांची फौज. युद्ध संपल्यावर पदके वाटली गेली ती पथकाच्या म्होरक्यांना. 1 ऑगस्ट 1920 रोजी गांधीजींनी कैसर-इ-हिंदच्या सुवर्णपदकासह आपली तिन्ही पदके व्हाइसरॉयकडे परत धाडली. म्होरक्यांना परत करण्यासाठी तरी काही होते. मजुरांजवळ तेही नव्हते.

माझे वडील दरबारी गवई. म्हणजे दरबार मावळता मावळता, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडीलधाऱ्यांच्या मागे तंबोरा धरून बसलेले आणि पुढे जन्मभर ‘दरबारी’ हीच ओळख सांगितलेले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. दरबारातल्या मानसन्मानाची रीत मी त्यांच्याकडून ऐकली. देणारा बसलेला असे आणि घेणारा वाकलेला. घेणाऱ्यानेही रिकाम्या हाताने जावयाचे नाही. हातरुमालावर अशरफी आणि रुपये ठेवून नजर करावयाची. म्हणजे मान घेण्याचीही किंमत मोजावी लागे. ज्याची नजर करण्याची ऐपत नाही त्याचे नाव यादीत वर येण्याचा संभव कमी. वडिलांची यावर तक्रार मुळीच नव्हती. ‘दरबार आहे तो, धर्मशाळा नव्हे’ एवढेच ते म्हणत. पण एक मार्मिक गोष्ट ते सांगत. मैफलीत राजाने दिलेला तोडा घरी आल्यावर सोनाराकडे जाई, दिवाळी-दसऱ्याला मोडला जाई. मागे बसलेल्या सारंगियाने मान हलवून दिलेली दाद मात्र मोडता येत नसे. बरोबरीच्या माणसाची दाद ती.

क्लबांचे पुरस्कार या दुसऱ्या जातीचे व्हावेत अशी माझी अपेक्षा होती, कारण इथे देणारा राजा नव्हे, शेजारी आहे. 1905 साली शिकागोत रोटरी निघाली, 1917 साली त्याच शहरात लायन्स निघाले. दोन्हींच्या शाखा आपल्याकडे रुजल्या आणि त्यांनी नेत्रशिबिरांपासून पोलिओच्या डोसापर्यंत केलेले काम कोणी नाकारू नये. पण त्यांच्यातही ‘पॉल हॅरिस फेलो’, ‘मेल्विन जोन्स फेलो’ असे जे मान आहेत ते मुख्यतः 1,000 डॉलर देणगीशी जोडलेले असतात. देणगी आपल्या नावाने द्यावी किंवा दुसऱ्या कोणा लायक माणसाच्या नावाने द्यावी. पैसा सत्कार्याला जातो, म्हणून त्यात गैर काही नाही. फक्त वडिलांचा तो हातरुमाल मला आठवतो, एवढेच.

शौर्याच्या पुरस्काराला असा हातरुमाल चालत नाही. जीव धोक्यात घालणाऱ्याजवळ त्या क्षणी देण्यासाठी एकच गोष्ट असते. मग त्याची पारख कशी करावी? याचे उत्तर शोधताना मला एक जुनी हकीकत सापडली. ती लंडनची आहे, पण वाचकांना ती आपल्या चावडीवरची वाटेल.

अठराव्या शतकात थेम्स नदीत आणि तिच्या कालव्यांत माणसे सर्रास बुडत. पाण्याबाहेर काढलेला देह निपचित दिसला की मेला असे समजून सोडून देत. कोणी आपल्या घरात घेईना, कारण घरात मेला तर पुढचे लचांड कोण निस्तरणार? हॉलंडात अॅमस्टरडॅम येथे 1767 साली बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक संस्था निघाली होती. तिचा धडा घेऊन 1774 साली विल्यम हॉस आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी आपापले मित्र एका कॉफीगृहात जमविले आणि मंडळ स्थापन केले. राजाश्रय पुढे आला. आरंभी ते निव्वळ वर्गणीदार मित्रांचे मंडळ होते, आपल्या गणेश मंडळांसारखेच म्हणा ना. पुढे तीच ‘रॉयल ह्यूमेन सोसायटी’ झाली.

त्यांनी बक्षिसे लावली. बुडालेल्याला बाहेर काढून जगविण्याची खटपट करील त्याला 2 गिनी. तो जगला तर 4 गिनी. आणि ज्या घरवाल्याने किंवा दारूच्या गुत्तेवाल्याने दार उघडून त्याला आत घेतले त्यालाही 1 गिनी. या तिन्ही कलमांत मला मोठे शहाणपण दिसते. त्यातही पहिल्या कलमात. माणूस वाचला नाही तरी खटपटीची किंमत त्यांनी अर्धी धरली, शून्य धरली नाही.

पुढे काय झाले असेल याचा अंदाज वाचकांना आलाच असेल. लंडनच्या उडाणटप्पूंनी शक्कल काढली. एकाने बुडावयाचे, दुसऱ्याने काढावयाचे आणि संध्याकाळी गिन्या वाटून घ्यावयाच्या. मंडळाच्या हे ध्यानात आले तेव्हा रोख रक्कम हळूहळू मागे पडली आणि तिच्या जागी पदके व प्रशस्तिपत्रे आली. पदक वाटून घेता येत नाही, ही त्यातली मेख. आज जगभर शौर्याला जी पदके दिली जातात त्यांच्या मागे थोडा हाही इतिहास आहे.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. 25 जानेवारी 1904 रोजी पेनसिल्व्हेनियात हार्विक येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि 179 माणसे गेली. त्यांना वाचविण्यासाठी आत उतरलेले सेल्विन टेलर आणि डॅनियल लाईल हे दोघेही मेले. त्यांनी काही थोर पराक्रम सिद्धीस नेला असे नव्हे. ते उतरले आणि परत आले नाहीत. कार्नेगीने त्या दोघांच्या कुटुंबांसाठी पदके पाडविली आणि त्याच वर्षी 50 लाख डॉलरचा निधी उभारला. पदकाबरोबर विधवेला वेतन, मुलांना शिक्षण, अशी ती व्यवस्था. एक अट मात्र कडक. वाचविणे हे ज्याचे नोकरीतले कर्तव्यच आहे, त्याचा विचार त्याने कर्तव्यापलीकडे काही केले असेल तरच व्हावयाचा.

आपल्या भारत सरकारने 1961 साली ‘जीवन रक्षा पदक’ सुरू केले. बुडणे, आग, अपघात, खाण अशा प्रसंगी जीव वाचविणाऱ्यांसाठी ते आहे. त्याच्याही तीन पायऱ्या आहेत, आणि शिफारस सरकारी वाटेने यावी लागते. मुलांच्या शौर्यपुरस्काराची कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. 2 ऑक्टोबर 1957 रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर मंडपाला आग लागली. पंडित नेहरू तिथे होते. हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा बालवीर पथकातला मुलगा खांबावर चढला आणि कमरेच्या सुरीने त्याने पेटते कापड कापून काढले. भारतीय बालकल्याण परिषद या स्वयंसेवी संस्थेने पुढे सहा दशके जे पुरस्कार दिले, त्यांतला पहिला त्याचा. अलीकडे सरकारने त्या संस्थेशी असलेला संबंध सोडून मुलांसाठी आपला वेगळा पुरस्कार सुरू केला आहे. एवढी सहा दशकांची रीत अशी खंडित व्हावी याचे मला वाईट वाटते. दोष कोणाचा या वादात मी शिरत नाही.

आता ज्या प्रकरणाने झोप उडाली ते सांगतो.

मुसीला आवर घालण्यासाठी 1909 साली विश्वेश्वरय्यांना इथे पाचारण केले होते. त्यांच्या योजनेतून 1920 साली उस्मानसागर आणि 1927 साली हिमायतसागर पुरा झाला. त्या दोन तलावांच्या भरवशावर शहर इतके निश्चिंत झाले, की नाले बुजवून आणि तळ्यांच्या पोटात घरे बांधून त्याने नवा पूर स्वतःच तयार केला. ऑगस्ट 2000 मध्ये त्याची चुणूक दिसली. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री तर ढग फुटावा तसा पाऊस झाला. शहराच्या आसपास काही ठिकाणी चोवीस तासांत 30 सेंटिमीटरच्या वर. त्या रात्री नाल्याकाठच्या एका वस्तीत एक नळकाम करणारा गृहस्थ राहत होता, आजही राहतो. बोअरवेलची मोटार खाली सोडताना तिला जो नायलॉनचा जाड दोर बांधतात, तो त्याच्या घरी पडलेला होता. त्याचे एक टोक त्याने घराच्या खांबाला बांधले, दुसरे कमरेला, आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात गल्ली ओलांडून समोरच्या घरातल्या एका म्हातारीला आणि तिच्या नातवाला आणले. तिसऱ्या खेपेला तो एका तरुण मुलासाठी गेला. मुलाचा हात त्याच्या हातात आला होता. तो सुटला.

ही हकीकत मला त्या म्हातारीकडूनच कळली. तिची नात माझ्याकडे गाणे शिकते. मी समितीपुढे त्याचे नाव ठेवले. समितीने रीतसर प्रश्न विचारले. वर्तमानपत्रात बातमी आली होती का? छायाचित्र आहे का? मोबाईलवरचे चित्रण तरी? अंधारात, वीज गेलेली असताना, गळ्याइतक्या पाण्यात चित्रण कोणी करावयाचे होते ते मला समजेना. दुसऱ्या एका इच्छुकाच्या अर्जासोबत अठरा छायाचित्रे होती. पुरानंतर चार दिवसांनी बिस्किटांचे पुडे वाटतानाची ती होती. समितीतली मंडळी वाईट नव्हेत. त्यांना पुरावा हवा होता आणि पुराव्याची त्यांची कल्पना आजच्या काळाची होती, इतकेच. लंडनच्या उडाणटप्पूंची गोष्ट ऐकलेला माणूस पुरावा नकोच असे कसे म्हणणार? पण कार्नेगीचा निधी आपल्या तपासनीसांकरवी साक्षी घेतो, कागदी कात्रणांवर विसंबत नाही. आपणही त्या गल्लीत जाऊन दहा घरी विचारू शकतो. गल्ली काही पेनसिल्व्हेनियात नाही, रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

आम्ही गेलो. दहा नव्हे, सात घरी विचारले. सातही घरांनी तेच सांगितले. मग त्या गृहस्थाकडे गेलो. चहा दिला, बसविले, कशासाठी आलो ते ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “नक्को, मास्टरसाब.” (दखनीतला हा ‘नक्को’ आपल्याच मराठीचे देणे आहे. नकार देताना इथला मुसलमान, तेलुगू, मराठा सगळे एकाच शब्दाला येतात.) कारण विचारले तर बराच वेळ बोलला नाही. शेवटी एवढेच म्हणाला, की त्या मुलाची आई शेजारच्या गल्लीत राहते आणि रोज दारावरून जाते. दोघांना काढले म्हणून मी हार घातलेला तिने पाहावयाचे?

बाहेर आल्यावर समितीचे कोषाध्यक्ष म्हणाले, त्याचे म्हणणे खरेच आहे, दोन वाचविले आणि एक गेला, हिशेब बरोबरीत तर येत नाही. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि मनाने अत्यंत सज्जन आहेत, म्हणून मी शांतपणे त्यांना 1774 सालचे पहिले कलम सांगितले. खटपटीला अर्धी किंमत. त्यावर ते थबकले आणि म्हणाले, “म्हणजे तो तिसऱ्या खेपेला गेला, त्याचाच पुरस्कार द्यावयाचा?” मी म्हणालो, होय, आणि माझ्या मते अर्धी नव्हे, पुरी किंमत देऊन. पहिल्या दोन खेपांना पाणी किती ओढते हे त्याला ठाऊक नव्हते. तिसऱ्या खेपेला ठाऊक होते. तरी तो दोर सोडून घरात बसला नाही.

गाण्यातही हे आहे, वाचक जाणतात. वरच्या षड्जाला जाऊन भिडणे ही एक गोष्ट आणि आवाज आज साथ देत नाही हे कळत असतानाही त्या षड्जाकडे चढणे ही दुसरी. पहिलीला टाळ्या मिळतात. दुसरीला मागे बसलेला सारंगिया मान हलवितो. पण ही तुलना मी फार ताणत नाही. सूर सुटला तर मैफल बिघडते. हात सुटला तर काय होते ते त्या आईला विचारावे.

समितीत यावर दोन बैठका झाल्या, आणि त्या आमच्या नेहमीच्या बैठकींसारख्या चिवडा-चहाच्या झाल्या नाहीत. एका सभासदाने विचारले, निष्फळ प्रयत्नाला मान दिला तर उद्या न पोहणारी मुले पाण्यात उड्या टाकतील, त्याची जबाबदारी कोणाची? हा आक्षेप खोटा नाही. दोर कमरेला बांधून उतरणारा आणि भरात येऊन उडी टाकणारा यांत फरक आहे, आणि पुरस्कार देताना तो फरक व्यासपीठावरून मोठ्याने सांगितला पाहिजे. त्या नळवाल्याने खांबाला कोणती गाठ मारली होती, हे मला मानपत्रातल्या विशेषणांपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या सभासद बाईंनी सुचविले, की पुरस्काराची रक्कम शालीवर आणि सभागृहाच्या भाड्यावर न घालविता प्रत्येक नाल्याकाठच्या गल्लीत दोर, हवेच्या ट्यूबा आणि जीवरक्षक जाकिटे ठेवावीत. ही सूचना सर्वांनी उचलून धरली. पहिला दोर एका मारुतीच्या देवळाच्या कोठीत टांगला गेला आहे. त्याची किल्ली पुजाऱ्याकडे एक आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे एक. रात्री-अपरात्री देऊळ बंद असते, पंक्चरवाला तिथेच झोपतो.

शाल मात्र गेली नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणा, नाहीतर स्वागतगीत कोणापुढे म्हणावयाचे?

आता अर्जाच्या छापील नमुन्यात दोन बदल झाले आहेत. ‘वृत्तपत्रीय कात्रण जोडणे आवश्यक’ ही ओळ काढली आणि तिच्या जागी ‘पाच शेजाऱ्यांची साक्ष’ आली. आणि खाली एक नवे कलम घातले, की प्रयत्न सफल झाला नसला तरी, आणि प्रयत्न करणारा स्वतः हयात नसला तरीही, अर्ज ग्राह्य धरला जाईल. कलमाची भाषा कोषाध्यक्षांनी स्वतः लिहिली. अर्ज मराठी, तेलुगू, उर्दू कोणत्याही भाषेत चालतो, आणि तो दुसऱ्या कोणी भरून दिला तरी चालतो. सही मात्र ज्याचा मान त्याची लागते, तो हयात नसेल तर घरच्यांची.

नळवाल्याचा अर्ज मी भरून ठेवला आहे. सात शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या आहेत. त्यांत आठवी सही न मागता आली. शेजारच्या गल्लीतल्या त्या आईला कोणी तरी सांगितले होते, आणि तिने आपणहून म्हातारीच्या घरी येऊन कागद मागितला, त्याच्यावर नाव लिहिले आणि काही न बोलता गेली. हे मी त्याला सांगितले. तो ऐकत राहिला. कागद त्याने हातात घेतला, पाहिला आणि मोटारीच्या सामानाच्या डब्याखाली ठेवला. मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि येत्या रविवारी मुलींची तालीम संपली की मी पुन्हा जाणार आहे.